बिनतोंडाचे सतरा बैल

त्या शनिवारी सोनाळ्याच्या समाजमंदिरात सतरा बायकांनी सतरा बैल काढले आणि त्यातल्या एकालाही तोंड नव्हतं. शिंगं नाहीत, डोळे नाहीत, पुढचे पाय नाहीत. मागचे दोन पाय, पोटाचा अर्धा घेर, शेपूट, की संपला बैल. फळ्यावरचा बैल मी काढला होता. बायकांनी तो इमानदारीनं कागदावर उतरवून घेतला होता.

मी फळ्याकडे पाहिलं आणि मला बैल पूर्ण दिसला. आज हे लिहितानाही या वाक्यापाशी माझा हात अडतो. पुसट दिसला नाही, अर्धा दिसला नाही. पूर्ण दिसला, आणि चांगला जमलाय असंही वाटलं.

मी शाळेत बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर घरी बसून नवऱ्याला छळण्यापेक्षा बरं, म्हणून दर शनिवारी संग्रामपूरहून एस.टी.नं सोनाळ्याला जाते आणि तिथल्या बायकांना चित्रं काढायला शिकवते. कुणी शेतात जाणारी, कुणी अंगणवाडीतली, कुणी भाजी विकणारी. पोळा चार दिवसांवर आला होता आणि यंदा समाजमंदिराच्या भिंतीवर बैलजोड्या रंगवायच्या असं ठरलं होतं. त्याचा सराव चालला होता.

माझ्या वर्गाचे नियम दोनच. फळ्यावर दिसतं तेच काढायचं, मनातलं नाही. आणि काढताना बोलायचं नाही. हे नियम चोवीस वर्षांच्या एका शहाणीनं केलेले आहेत. ती नुकतीच नागपूरहून चित्रकला शिकून आली होती. खांद्याला शबनम, केसांत पेन्सिल, आणि चित्राखालची सही चित्राच्या निम्मी. तिला वाटायचं, आपल्यासारखी नजर सातपुड्याच्या अलीकडे कुणाला नाही. मी तिला चांगली ओळखते, ती मीच होते. शाळेतल्या पोरांनी ते नियम पाळले, कारण माझ्या हातात फूटपट्टी होती. सोनाळ्याच्या बायकांनी पाळले, कारण त्यांचा माझ्यावर जीव आहे. फूटपट्टी परवडली असती.

वर्गात शेवंता नावाची एक बाई आहे. वांगी-मिरच्या पिकवते, बाजारात स्वतः विकते, घरी बैलजोडी आहे. तिनं शेपूट काढली आणि पेन्सिल थांबवली. बराच वेळ फळ्याकडे नुसती बघत बसली. मग म्हणाली, "बाई, रागावू नका. पण या बैलाले तोंड काऊन नाही?"

मी म्हटलं, आहे की. तुला दिसत नसेल तर चष्मा लाव.

वर्गातल्या सगळ्यात वडील कमलाबाईंनी तिला दटावलं. त्या म्हणाल्या, "चूप बस व. आज मागून शिकवून राह्यल्या बाई. तोंड पुढच्या शनवारी शिकवतीन."

म्हणजे बघा. सोळा जणींनी मनाशी तेवढीच समजूत करून घेतली होती. बाई आहेत, काहीतरी विचार करूनच बिनतोंडाचा काढला असेल.

शेवंताला ते पटलं नाही. ज्याच्या घरी बैल असतो त्याला पटणारच नाही. ती उठून फळ्यापाशी आली, माझे दोन्ही गाल धरले आणि वेणी घालताना पोरीचं डोकं वळवतात तसं माझं तोंड डावीकडे वळवलं. तिथं कोरा फळा होता.

कुणीतरी माझ्या पाठीमागून येऊन बैलाचं तोंड पुसून नेलं, असंच मला वाटलं. कुणी पुसलं म्हणून मी ओरडले. मग शेवंतानं माझा डावा हात उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरला. "हा हात पाहा बाई. मघापासून लोंबून राह्यला."

तो हात माझा होता. मला त्याची आठवणच नव्हती. डाव्या खांद्यावरचा पदर केव्हाचा घसरला होता आणि कमलाबाईंनी मुकाट्यानं येऊन तो पिनेनं टाचला होता. डाव्या पायातली चप्पल एस.टी.तच राहिली होती. केस फक्त उजव्या बाजूला विंचरलेले होते. हे सगळं त्या सतरा जणींनी पाहिलं होतं आणि वर्गात बोलायचं नसतं म्हणून कुणी बोललं नव्हतं.

घड्याळ

शेवंताच्या घरची भाजीची गाडी होती. रिकाम्या कॅरेटांमध्ये गोधडी टाकून मला निजवलं. मी सारखी म्हणत होते की मला काही झालेलं नाही, उगाच गाडीचं भाडं बुडवताय. माझी जीभ अडखळत नव्हती, तोंड वाकडं नव्हतं, उजवा हात ठणठणीत होता. उलट शेवंताची ओढणी पाहून हा हिरवा कच्च्या आंब्याचा की मुगाचा, यावर मी तिला व्याख्यान देत होते. ती बिचारी हो हो म्हणत माझा डावा हात चोळत होती. वाटेत संग्रामपूरला आमचा बुढा आणि सून वंदना चढले. बुढा म्हणजे माझा नवरा, एस.टी.चा निवृत्त कंडक्टर. माणूस इतका कमी बोलणारा, की नोकरीत तिकीट मागायचा तेवढंच त्याचं बोलणं.

अकोल्याच्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. मग एक तरुण डॉक्टरीण आली. तिनं मला कागद-पेन्सिल दिली आणि घड्याळ काढायला सांगितलं. मला राग आला. बत्तीस वर्षं ज्या बाईनं पोरांना घड्याळं काढायला लावली, तिला घड्याळ? काढलं मी. गोल एका फटक्यात काढला, आकडे लिहिले, काटे दाखवले, खाली सही केली. डॉक्टरणीनं ते वंदनाला दाखवलं. वंदनाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मला वाटलं, चित्र फार आवडलं.

त्या घड्याळात बारा ते सहा एवढेच आकडे होते. सात ते अकरा नव्हतेच. डावी बाजू कोरी होती.

मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. डॉक्टरणीनं सोपं करून सांगितलं. डोळे चांगले आहेत आजी, पण डावीकडे काही आहे हेच तुमचं डोकं विसरलंय. आणि विसरलंय हेही विसरलंय. मी विचारलं, मग मी फळ्यावर काढू शकेन का? ती म्हणाली, आधी जेवता येतंय का बघू. मला ते अपमानास्पद वाटलं. पण तिचं बरोबर होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

ताट आणि बुढा

वॉर्डातला दिनक्रम सांगण्यासारखा नाही. पहाटे सुई, मग चहा, मग बीपी, मग झाडू मारणारी मावशी येऊन सगळ्यांना पाय वर घ्यायला लावायची. सांगण्यासारखं आहे ते ताटाचं.

वंदना दुपारी डबा घेऊन आली. ताटात भाकरी होती, ठेचा होता, भाजी नव्हती. सकाळीही नव्हती. मी शेजारच्या खाटेवरच्या बाईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले की आमच्याकडे आजारी माणसाला भाजी देत नाहीत, पद्धत आहे. मला थोडी मजाही वाटली, खोटं कशाला सांगू. सुनेला टोमणा मारायची संधी दवाखान्यातही मिळाली, तर कोण सोडतं?

वंदनानं ताटाला धरून अर्धा फेरा दिला. आणि भाजी आली. वांग्याची भाजी, वाटीभर, वर तेलाचा तवंग. बाजूला कांद्याची फोडही.

मी ताटाकडे बघत राहिले. भाजी कुठून आली हे मला समजेना. मी विचारलं, कुठून काढलीस? ती म्हणाली, "आई, तिथंच होती. सकाळीबी होती." आणि तिनं तोंड फिरवलं. शेजारची बाई तोपर्यंत मनातल्या मनात आमच्या घराचा निकाल लावून बसली होती. तिला सगळं समजावून सांगायला मला दोन दिवस लागले, आणि सुनेची माफी मागायला त्याहून जास्त.

बुढ्याचं तर याहून वाईट. तिसऱ्या दिवशी मला फार एकटं वाटत होतं. मी वंदनाला म्हटलं, चाळीसच्या वर वर्षं संसार केला, पण हा माणूस एकदा फिरकला नाही. एस.टी. बंद आहे का? सिस्टरनं सलाइन लावता लावता हात थांबवला.

"आई, बाबा इथंच हायेत," वंदना म्हणाली.

मी उजवीकडे पाहिलं. सलाइनचा स्टँड होता. कुठं आहेत, म्हणून विचारलं. तेव्हा खाटेच्या पायथ्याकडून कुणीतरी सरकत आलं आणि माझ्यासमोर एकाएकी बुढा उभा राहिला. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. मी खरोखर दचकले. भिंतीतून माणूस निघावा तसा तो निघाला. मी म्हटलं, अहो, तुम्ही कधी आलात?

तो म्हणाला, "शनवारपासून इथंच बसून राह्यलो. मले वाटलं, तू रुसली."

स्टूल खाटेच्या डाव्या बाजूला होतं. उजवीकडे सलाइन होतं, म्हणून तिथं जागा नव्हती. तीन दिवस तो माझा डावा हात हातात घेऊन बसला होता. दोनदा बोललाही होता. आणि मी उजवीकडे तोंड करून सिस्टरशी बोलत होते.

रुसली असं त्याला का वाटलं, हेही सांगते, कारण त्यात दोष चोवीस वर्षांच्या त्याच शहाणीचा आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानं माझं कोळशानं काढलेलं एक चित्र रद्दी समजून पाण्याच्या बंबात घातलं. मी आठ दिवस भिंतीकडे तोंड करून जेवले. आठ दिवस. ते चित्र म्हणजे एक सुरई होती, आणि ती सुरईपेक्षा भोपळ्यासारखीच दिसत होती, हे मी आज कबूल करते. तेव्हा तो आठ दिवस न बोलता माझ्या पाठीशी बसून जेवला होता. तेच त्यानं दवाखान्यात केलं. बायको तोंड फिरवून आहे म्हणजे राग आहे, बसून राहावं, उतरेल. दुसरा काही उपाय त्याला माहीत नव्हता.

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. तोवर मी आजारी आहे हे मला लोकांनी सांगितलेलं होतं. आता माझं मलाच दिसलं. बैल चुकला तर चुकला. पण हातात हात घेऊन बसलेला माणूस नाही दिसला, तर मी आजवर काय पाहत आले?

बुधवारचं पान

डॉक्टरणीनं विचारलं, हे कधीपासून? मी ठासून सांगितलं, शनिवारपासून. वंदनानं पिशवीतून माझी वही काढली.

मी रोज एक चित्र काढते. आंघोळ झाली की चहाच्या आधी. समोर असेल ते काढायचं, कप, चिमटा, बुढ्याची टोपी, आणि खाली तारीख घालायची. कैक वर्षांत हे चुकलेलं नाही. ताप असला तरी काढलंय, दिवस भरले होते तेव्हाही काढलंय. या गोष्टीचा मला माज होता.

डॉक्टरणीनं वही माझ्या उजव्या बाजूला धरून एकेक पान उलटलं. मंगळवारी पितळी तांब्या पानाच्या मधोमध होता. बुधवारी चहाची गाळणी उजवीकडे सरकलेली, डावी कड अपुरी. गुरुवारी लिंबू, अर्धंच. शुक्रवारी बुढ्याचा चष्मा, एकाच काचेचा.

एकाच काचेचा चष्मा काढून मी त्याखाली तारीख घातली होती, सही केली होती आणि चहा प्यायला गेले होते.

बुधवारी सकाळी माझा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला होता. मी चौकटीला शिव्या दिल्या होत्या. शुक्रवारी बुढा म्हणाला होता, तुझे केस असे काऊन? मी त्याला म्हटलं होतं, म्हातारपणी तुमचं लक्ष जायला लागलं का माझ्या केसांकडे? म्हणजे आजार बुधवारपासून घरात फिरत होता. त्यानं रोज सकाळी माझ्या वहीत हजेरी लावली होती, आणि नजरेची एवढी ऐट मिरवणारी मी त्याखाली सही करत होते.

डॉक्टरणीनं सांगितलं की या आजारात पहिले काही तास फार मोलाचे असतात. माझे ते गेले होते. तिनं ते रागावून सांगितलं नाही. म्हणूनच ते जास्त लागलं.

तुमच्या घरात कुणी एकाच बाजूचं जेवत असेल, एकाच कुशीला सारखं दारावर आपटत असेल, एका बाजूचीच दाढी करत असेल, तर त्याला विचारू नका. तो नाहीच म्हणेल, मीही म्हटलं होतं. उचला आणि न्या. तोंड वाकडं होण्याची वाट पाहू नका.

घरी आल्यावर मी वही कपाटात टाकली. रोजचं चित्र बंद केलं. ज्या नजरेनं मला एवढं फसवलं तिच्या भरवशावर पेन्सिल कशी धरू? शिकवणं तर दूरच. बायकांना मी काय सांगणार, दिसतं ते काढा? मलाच दिसत नव्हतं.

लाल रेघ

व्यायाम शिकवायला शेगावहून एक मुलगी यायची. ती म्हणाली, कागदाच्या डाव्या कडेला लाल रेघ मारायची. रेघ दिसेपर्यंत मान वळवायची. रेघ दिसली, म्हणजे कागद पूर्ण दिसला. तोवर काढायला लागायचं नाही. मी म्हटलं, मला नाही काढायचं. ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर वही उघडी होती. डाव्या कडेला पट्टीनं मारलेली लाल रेघ होती, असं मला नंतर कळलं. मला दिसली ती उजवी कोरी बाजू. मी वही मिटली. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी बुढ्याला विचारलं, हा काय खेळ लावलाय? तो म्हणाला, रेघ शोध. एवढंच. ज्या माणसानं जन्मात पेन्सिल धरली ती तिकिटावर खूण करायला, तो रोज उठून पट्टी लावून माझ्यासाठी रेघ मारत होता. ती थोडी तिरकीच यायची.

मी मान वळवली. टेबल संपलं असं वाटलं तरी वळवत गेले. आणि रेघ आली. रेघेच्या पलीकडे स्टूल होतं आणि त्या स्टुलावर हा बसला होता. आता तो मुद्दाम डावीकडेच बसत होता.

पहिल्या दिवशी मी एक चमचा काढला. त्यात खोटेपणा असा की चमचा आडवा ठेवण्याऐवजी मी उभा ठेवला, म्हणजे डावी बाजू फारशी उरत नाही. बुढ्यानं तो आडवा केला.

अडीच-तीन महिने लागले. हात परत आला, जवळजवळ. पदर सावरता येतो, बांगड्या दोन्ही हातांत घालता येतात. नजर मात्र पूर्ण परत आली नाही. थकले की डावी बाजू अजून गळते, आणि गळाली हे मला कळत नाही. डॉक्टरणीनं सांगितलं, हे कदाचित असंच राहील.

पुन्हा फळा

शेवंताचे निरोप येत होते. मी टाळत होते. शेवटी ती आणि कमलाबाई स्वतः घरी आल्या, वांगी घेऊन. शेवंता म्हणाली, भिंत तशीच ठेवली बाई, कुणी हात लावला नाही. मी म्हटलं, मला अर्धं दिसतं, मी तुम्हाला काय शिकवणार? ती म्हणाली, "आमी सतरा जणी हाओ की पाह्यले."

हे बोलायला सोपं आहे. ज्या बाईनं आयुष्यभर स्वतःच्या डोळ्यांपलीकडे कुणाचं ऐकलं नाही, तिनं आता दुसऱ्यांच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून खडू धरायचा. मला रात्रभर झोप आली नाही असं म्हणणार नाही, झोपले मी. पण सकाळी एस.टी.त बसताना दोन्ही चपला आहेत का हे मी तीनदा पाहिलं.

समाजमंदिरात गेल्या गेल्या मी जुना नियम मोडीत काढला. म्हटलं, आजपासून बोलायचं. माझं चुकलं की तिथल्या तिथे सांगायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी फळ्याच्या डाव्या कडेला लाल खडूनं रेघ मारली, शेवंताला खुर्चीवर बसवलं आणि तिचा चेहरा काढायला घेतला. बैल काढायची छाती झाली नाही.

वेळ लागला. कपाळ, भांग, नाक, हनुवटी. मी मान वळवत होते, रेघ शोधत होते, परत येत होते. शेवटी खडू खाली ठेवला. मला चेहरा पूर्ण दिसत होता. बैलही पूर्ण दिसला होता.

मी विचारलं, झाला का?

कुणी बोललं नाही.

ती शांतता मला कधी विसरता येणार नाही. चेहरा पूर्ण झालाय म्हणून गप्प आहेत, की मी बाई आहे म्हणून? ओळखायची माझ्याकडे काही सोय नव्हती. वर्गातली जी शांतता मी जन्मभर धाक घालून मिळवली होती, ती आता माझ्यासमोर उभी होती. चित्र संपलं असतं तर घरी जाऊन सुखानं मेले असते. संपलं नसतं आणि कुणी सांगितलं नसतं, तर मी पुन्हा तिथं येणार नव्हते. तेवढं माझं ठरलं होतं.

कमलाबाई खाकरल्या. त्यांनी पदर डोक्यावर ओढला, जमिनीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "बाई, इकडचा कान राह्यला."

"कुठला इकडचा?"

"रेघेकडचा."

मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. वेणी पण नाही तिकडची, एक म्हणाली. भुवई छोटी झाली, दुसरी म्हणाली. एकीला खांदा पटला नाही. सोळा तोंडं एकदम सुरू झाली आणि मी फळ्यापुढे उभी राहून रडत होते की हसत होते, मला माहीत नाही. इतक्या चुका निघाल्याचा आनंद मला शाळेत कधी झाला नव्हता.

मी मान वळवली. रेघ आली. रेघेच्या अलीकडे, चेहरा जिथे संपला असं मला वाटत होतं तिथून पुढे, रिकामी जागा होती. मी तिथं कान काढला. कानाखाली वेणी सोडली. भुवई लांबवली.

"आता?"

"आता हाय," कमलाबाई म्हणाल्या.

एवढ्यात शेवंता खुर्चीवरून उठून फळ्यापाशी आली. स्वतःला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि म्हणाली की बाकी ठीक आहे, पण नाक वाकडं काढलं तुम्ही माझं. दोघीतिघी तिच्या बाजूनं झाल्या.

कान मी त्यांच्या शब्दावर काढला होता. नाकाचं मी ऐकलं नाही. ते मला स्वच्छ दिसत होतं, आणि ते तिचं तसंच आहे.